बाहेरगावचे पोस्टिंग कोणाच्या भरवशावर?

२०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा इंटर्नशिपच्या आधीच विद्यार्थ्याला आपल्या पसंतीचे काही शिकता यावे म्हणून दोन महिने राखून ठेवले गेले. तिसऱ्या एमबीबीएसचा पहिला भाग संपला की दुसरा सुरू होण्याआधी चार-चार आठवड्यांचे दोन टप्पे. पहिला एखाद्या प्रयोगशाळेत किंवा चालू संशोधनात, दुसरा रुग्णालयातल्या एखाद्या विभागात किंवा गावातल्या, वस्तीतल्या दवाखान्यात. हे इलेक्टिव्ह सक्तीचे. पंचाहत्तर टक्के हजेरी आणि लॉगबुक दिल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही, आणि बुडालेली पोस्टिंग किंवा कमी पडलेली हजेरी भरून काढायला हा वेळ वापरायचा नाही, असे नियमात स्पष्ट लिहिले होते. २०२३ मध्ये दोन महिन्यांचा एक महिना झाला, चार आठवड्यांच्या जागी पंधरवडा आला. पुढे इंटर्नशिपमध्येही पसंतीचे काही दिवस मिळतात. म्हणजे साडेपाच वर्षांत आपले महाविद्यालय सोडून दुसरीकडचे काम पाहता येईल असा काळ थोडा आहे, पण आहे. तो बाहेर घालवायचा तर व्यवस्था कोण करतो, हा खरा प्रश्न. आज त्याचे उत्तर एकच आहे: ज्याच्या घरच्यांना जमेल तो करतो. अभ्यासक्रमाचा एक सक्तीचा भाग असा घरोघरच्या ओळखींवर सोडून देणे चूक आहे. ती जबाबदारी विद्यापीठांनी आणि राज्याच्या आरोग्य खात्याने उचलली पाहिजे. आणि ती उचलता येते, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतीत याच देशाच्या नियमांनी आधीच दाखवून दिले आहे.

हा प्रश्न पनवेल तालुक्यात उभे राहून पाहिला तर त्याच्या सगळ्या बाजू दिसतात. कामोठ्याला १९८९ पासून एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आज ते अभिमत विद्यापीठात मोडते. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक आहे. परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट २००२ मध्ये इकडे हलली तेव्हा तिला हे नवे नाव मिळाले. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे. नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचे काम कित्येक दशके चालू आहे, आणि गोवा महामार्गावर तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरचे आरोग्याचे आणि ग्रामविकासाचे काम उभे आहे. २०१६ मध्ये पनवेलची महापालिका झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आणि त्याच तालुक्यात डोंगराला टेकून कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत, जिथली माणसे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर निघून जातात. एक्स्प्रेस वेवरचा अपघात, टॉवरमधला मधुमेह, भट्टीवरच्या बाईचा रक्तक्षय, पावसाळ्यातला लेप्टो, एप्रिलच्या उन्हातला उष्माघात असे सगळे इथे एकाच तालुक्यात येते. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर उष्माघाताने डझनाहून अधिक माणसे दगावली, हे अजून कोणी विसरलेले नाही. त्यातच अभिमत विद्यापीठाच्या जागा देशपातळीवरच्या समुपदेशनातून भरल्या जातात, त्यामुळे कामोठ्याच्या वर्गात दिल्लीचा मुलगा असतो, केरळची मुलगी असते. त्यांच्यासाठी पनवेल हेच परगाव. ओपीडीत आगरी आजी पोटात कसे दुखते ते सांगत असते तेव्हा त्यांना शेजारच्या मराठी मित्राकडे पाहावे लागते. घरापासून लांब राहून शिकण्याचा अर्धा अनुभव त्यांनी प्रवेश घेतला त्या दिवशीच सुरू झालेला असतो. त्यांना बाहेर पाठवायचे म्हणजे काय, याचा विचार वेगळा करावा लागेल, तो पुढे येईल.

आधी नियमाच्या आतली गाठ पाहू. पहिला टप्पा प्रयोगशाळेत करायचा, पण त्या काळात नेहमीची क्लिनिकल पोस्टिंग चालूच राहतील, असे २०१९ चा नियम सांगतो. सकाळी ज्याला आपल्या वॉर्डात उभे राहायचे आहे तो दुपारी हैदराबादच्या प्रयोगशाळेत असू शकत नाही. म्हणजे पहिला टप्पा व्यवहारात स्वतःच्या संस्थेला बांधलेला. दुसऱ्या टप्प्याबद्दल नियम म्हणतो की संस्थेने तयार केलेल्या आणि संस्थेत उपलब्ध असलेल्या यादीतून निवड करायची, किंवा देखरेखीखाली ग्रामीण अथवा शहरी दवाखान्यात शिकायचे. यादी किती लांब, शिक्षक कोण, एका ठिकाणी किती मुले, हे सगळे प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवायचे. संस्थांना मोकळीक असावी हा हेतू चांगला. पण मोकळीक देताना दुसऱ्या टोकाला कोण उभे राहणार, हे कोणी ठरवले नाही. ज्या महाविद्यालयाकडे दांडगे विभाग आहेत त्याची यादी भरगच्च, नव्याने उघडलेल्या महाविद्यालयाची यादी चार नावांची. अलिबागचे आणि सिंधुदुर्गचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले; त्याआधी मुंबई-ठाण्याच्या दक्षिणेला राज्याच्या अख्ख्या कोकणात सरकारी महाविद्यालयच नव्हते. अशा नव्या संस्थेत अतिविशेष विभाग उभे राहायला वर्षे लागतात. तिथल्या मुलांना इलेक्टिव्हचा सर्वात जास्त उपयोग व्हायचा, आणि यादी सर्वात आखूड तीही त्यांच्याच वाट्याला. पनवेलच्या बाबतीत मात्र हाच जाचक नियम सोपा होऊ शकतो. कामोठे ते खारघर अंतर काही किलोमीटरचे. सकाळचा वॉर्ड संपवून दुपारी कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसणे इथे खरोखर शक्य आहे. त्यासाठी दोन संस्थांमध्ये एक कायमचा करार लागेल. प्रत्येक वर्षी एखाद्या धडपड्या विद्यार्थ्याने नव्याने ईमेल लिहून गळ घालावी, यातून व्यवस्था उभी राहत नाही.

आज व्यवस्था म्हणजे काय, तर एक फाईल. तिच्यात विभागप्रमुखांची सही असलेला अर्ज, डीनच्या कार्यालयाची एनओसी, जिथे जायचे त्या संस्थेचे 'घेतो' म्हणणारे पत्र, बोनाफाइड, हेपॅटायटिस बीच्या लशीचा दाखला, वसतिगृहात जागा मिळेल की नाही याची चौकशी, आणि परत आल्यावर हजेरी ग्राह्य धरली जाईल याची लेखी हमी. यातला एक कागद दुसऱ्यावाचून मिळत नाही. आपले महाविद्यालय म्हणते समोरच्यांचे पत्र आणा, समोरचे म्हणतात आधी तुमची एनओसी दाखवा. ही कोंडी फोडायला कोणीतरी फोन करावा लागतो. ज्याची आत्या परळला भूलतज्ज्ञ आहे त्याचा फोन लगेच लागतो. ज्याचे वडील कर्जत तालुक्यात शेती करतात आणि घरात डॉक्टर होणारा तोच पहिला, त्याने फोन करायचा कोणाला? तो आपल्याच महाविद्यालयात, जिथे जागा शिल्लक असेल त्या विभागात नाव लिहून मोकळा होतो. लॉगबुक दोघांचेही भरते, सह्या दोघांनाही मिळतात. कागदोपत्री फरक काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच ही विषमता मोजली जात नाही. इंटर्नशिप दुसऱ्या गावी करायची म्हटली की त्यात विद्यापीठाची परवानगी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या तात्पुरत्या नोंदणीची भर पडते. परदेशात शिकून आलेल्यांची ओढाताण तर आणखी मोठी. त्यांच्या इंटर्नशिपसाठी महाविद्यालयाच्या जागांच्या साडेसात टक्के इतकीच मर्यादा घातलेली आहे, आणि युक्रेनच्या युद्धानंतर परतलेल्यांनी ती रांग किती लांबू शकते ते अनुभवले.

परदेशी इलेक्टिव्हच्या बाबतीत ओळखीचे आणि पैशाचे राज्य पूर्ण होते. अमेरिकेत विद्यार्थी असताना जाणे आणि पदवी घेतल्यावर जाणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विद्यार्थ्याला देखरेखीखाली रुग्ण तपासता येतो, पदवीधराला बहुतेक ठिकाणी हात मागे बांधून नुसते पाहावे लागते. म्हणून विद्यार्थीदशेतला तो महिना सोन्याच्या भावाचा. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या तिथल्या परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले, निकाल फक्त पास-नापास उरला, आणि तिथल्या डॉक्टरच्या शिफारसपत्राचे वजन आणखी वाढले. पण अर्जांचे मुख्य पोर्टल संलग्न महाविद्यालयांपुरते. उरलेल्यांनी एकेका रुग्णालयाकडे स्वतंत्र अर्ज करायचा. कित्येक ठिकाणी चार आठवड्यांची फी हजारो डॉलरांत जाते. वर विमा, व्हिसा, लशींची प्रतिपिंडे मोजल्याचे अहवाल. त्यात क्षयाची चाचणी ही आपल्या मुलांची नेहमीची अडचण: जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, मांटूचा चट्टा उठण्याची शक्यता असते, मग रक्ताची वेगळी तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून आपण निरोगी आहोत हे सिद्ध करायचे. हे सगळे सहा-आठ महिने आधी. आणि राहायचे कुठे, तर न्यू जर्सीत मामा असेल तर न्यू जर्सीत. आपल्याकडच्या मुलांच्या अमेरिकी इलेक्टिव्हचा नकाशा काढला तर तो रुग्णालयांच्या गुणवत्तेपेक्षा नातलगांच्या पत्त्यांशी जास्त जुळेल असे मला वाटते. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर इलेक्टिव्ह करता येते, मात्र रुग्णावर उपचार करायचे नाहीत ही अट असते. आता २०२३ च्या बदलाकडे पुन्हा पाहा. परदेशी इलेक्टिव्ह बहुतेक चार आठवड्यांचे. आपला टप्पा पंधरवड्याचा. दोन्ही जुळत नाहीत. ज्याला जायचे आहे त्याने इंटर्नशिपमधून वेळ काढायचा आणि ती लांबली तर सोसायचे. हे सोसणेही ज्याला परवडते त्यालाच.

यावर कोणी म्हणेल, की इलेक्टिव्ह बाहेर व्हायलाच हवे असा आग्रह कशाला? एमजीएमसारख्या रुग्णालयात रुग्णांची वाण नाही, शिकायचे ते तिथेच शिका. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर इतिहासातून द्यावे लागते. १९४६ च्या भोर समितीने भावी डॉक्टरला समाजात नेऊन तीन महिने प्रतिबंधक वैद्यकाचे शिक्षण द्यावे असे सुचवले होते. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर, १९७७ मध्ये, केंद्राने वैद्यकीय शिक्षणाला नवे वळण देणारी 'रोम' योजना आणली: प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यायची, फिरत्या दवाखान्यांच्या गाड्यांतून शिक्षक-विद्यार्थ्यांनी तिथे जायचे. योजनेचा उत्साह ओसरला. गाडी सकाळी गेली आणि संध्याकाळी परत आली, तर मुलाला आरोग्य केंद्राचा दिवस दिसतो, रात्र दिसत नाही; आणि केंद्रातला वैद्यकीय अधिकारी त्या मुलांचा शिक्षक मानला गेला नाही, तोवर त्यांची सोय पाहणे हे त्याच्यावरचे ओझेच राहिले. याच्या उलट सेवाग्राम. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महाविद्यालय काढले तेव्हापासून नव्या मुलांचे पहिले दिवस आश्रमात जातात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, मुले तिथे मुक्कामाला राहतात आणि पुढची वर्षे त्याच कुटुंबांकडे परत जातात. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावच्या निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले आणि तिथे शिकायला परदेशातले विद्यार्थी आले, अजूनही येतात. सेवाग्राम आणि जामखेड चालले, रोम विरली. मुक्काम, ओळखीची माणसे आणि शिकवणे हे आपलेच काम मानणारा समोरचा माणूस, या तीन गोष्टी जिथे होत्या तिथे बाहेर जाणे फळाला आले.

मोठ्या रुग्णालयात मुलाला जे दिसत नाही ते रुग्णाच्या प्रवासाचा आधीचा भाग. रायगडात याचे सर्वात चांगले उदाहरण सर्पदंश आणि विंचूदंश. कामोठ्याच्या अतिदक्षता विभागात रुग्ण येतो तेव्हा तो कुठून तरी पाठवलेला असतो, प्रतिविष सुरू झालेले असते किंवा उशीर झालेला असतो. महाड, माणगाव, पेणच्या रुग्णालयात तोच रुग्ण भाताच्या बांधावरून थेट येतो. फुरसे चावले की घोणस, की काहीच विष भिनले नाही, हे तिथे ठरवायचे असते. त्यासाठीची चाचणी अगदी साधी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतले दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी हलवायची नाही, वीस मिनिटे थांबायचे, मग हळूच आडवी करायची. रक्त वाहिले तर ते गोठत नाही, म्हणजे विष रक्तात काम करते आहे आणि प्रतिविष द्यायचे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर रक्त गोठायला उशीर होतो आणि उत्तर चुकते. पुस्तकात ही चार ओळींची गोष्ट आहे. पण ती वीस मिनिटे, बाहेर घाबरलेले नातेवाईक, कपाटात प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत याचा हिशेब, १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची की रुग्णाला इथेच ठेवायचे हा निर्णय, हे सारे त्या खोलीत उभे राहिल्याशिवाय शिकता येत नाही. ज्ञान फक्त मोठ्या रुग्णालयातून खेड्याकडे वाहते असेही नाही. महाडच्या बाजूला काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशात हृदयावर आणि फुप्फुसांवर काय होते याचे निरीक्षण केले, प्राझोसिन वापरून मृत्यू रोखता येतात हे दाखवले, आणि १९८० च्या दशकात ते काम लॅन्सेटमध्ये छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जगभरच्या उपचारात बदल घडवणारे काम पनवेलपासून गोवा महामार्गाने एका दिवसात जाऊन येण्यासारख्या अंतरावर झाले. त्या पट्ट्यात पंधरा दिवस काढणे हे शिकागोतल्या महिन्यापेक्षा कमी प्रतीचे मानायला माझे मन तयार नाही. दिल्ली-केरळच्या मुलांना तर याची दुप्पट गरज आहे, कारण पुढे ते कुठेही गेले तरी ज्या माणसांवर त्यांनी हात बसवला त्यांची गावे त्यांनी पाहिलेली असतील.

मग हे होत का नाही? कारण मालक अनेक आहेत. महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाच्या किंवा अभिमत विद्यापीठाच्या हातात, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आधाराने चालणारी, शहरातली केंद्रे महापालिकेची. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यातली महाविद्यालये एका छताखाली आणते, पण अभिमत विद्यापीठे त्याबाहेर. कामोठ्याच्या विद्यार्थ्याला पेणच्या रुग्णालयात पंधरा दिवस बसवायचे तर कोणी कोणाला पत्र लिहायचे इथूनच सुरुवात. आणि तरीही हीच अडचण पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सोडवली गेली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी' सक्तीची झाली. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढायचे. त्यासाठी जिल्ह्यात समन्वयक नेमायचा, मूळ संस्थेने विद्यावेतन चालू ठेवायचे, राहणे, प्रवास आणि सुरक्षा यांची सोय राज्याने करायची, विद्यार्थी तिथल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणार आणि मूळ विभागाशी फोनवर, पडद्यावर जोडलेला राहणार. हा नियम सरकारी, खासगी, अभिमत सगळ्यांना लागू झाला. अंमलबजावणीत त्रुटी आहेतच: कुठे राहण्याची खोली धड नाही, कुठे त्या विषयाचा तज्ज्ञच जागेवर नाही, मग रेसिडेंट शिकण्याऐवजी रिकामी जागा भरून काढतो. पण कोणाचाही काका न शोधता, कोणाच्याही दारात न जाता, हजारो तरुण डॉक्टर घरापासून दूरच्या जिल्ह्यात जातात. जे पंचवीस-सव्वीस वर्षांच्यांसाठी शक्य झाले ते त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्यांसाठी, तेही फक्त पंधरा दिवसांपुरते, अशक्य का ठरावे? समन्वयक नेमलेले आहेत, यंत्रणा उभी आहे. तिच्या यादीत एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्याचा एक रकाना वाढवायचा.

पंधरा दिवसांत काय होणार, हा पुढचा आक्षेप. २०२३ ची कपात चुकीची झाली, हे मी मान्य करतो. चार आठवडेच हवे होते. पण पंधरा दिवसांचाही उपयोग कसा करतो यावर बरेच ठरते. अनोळखी ठिकाणी पहिला आठवडा वाट शोधण्यात जातो, कारण ते ठिकाण प्रत्येकासाठी नव्याने अनोळखी असते. त्याच महाविद्यालयाची मुले त्याच रुग्णालयात वर्षामागून वर्षे गेली तर तिथल्या सिस्टरना, अधिकाऱ्यांना ही मुले कशासाठी येतात ते माहीत असते आणि आदल्या तुकडीने मागे ठेवलेल्या टिपणांवर नवी मुले दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतात. सेवाग्रामने गाव बदलत ठेवले नाही, तुकडीला एका गावाशी बांधले, त्यात हीच समज आहे. शिवाय इंटर्नशिपमधले सामाजिक वैद्यकाचे बारा आठवडे पुढे आहेतच. इलेक्टिव्ह जिथे केले तिथेच ते आठवडे करण्याची मुभा दिली, तर एकदा झालेली ओळख वाया जाणार नाही.

यजमान रुग्णालयावर भार पडतो, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिला आजवर कोणी नीट उत्तर दिलेले नाही. ग्रामीण रुग्णालयात दोनशे जणांची ओपीडी, त्यात पोस्टमॉर्टेम, पोलिसांचे कागद, रात्रीची बाळंतपणे आणि वर आठ मुले मागे उभी. त्यांना शिकवायचे कोणी आणि का? रोम योजना इथेच अडखळली. शिकवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मूळ महाविद्यालयाने मानद शिक्षकाचे नाव द्यावे, मानधन द्यावे, त्याला ग्रंथालय आणि नियतकालिके खुली करावीत, त्याच्या अवघड केसवर महाविद्यालयातल्या तज्ज्ञाने फोनवर सल्ला द्यावा. अभिमत विद्यापीठे मुलांकडून वर्षाला लाखो रुपये शुल्क घेतात. त्यातला छोटा हिस्सा पेण किंवा रोह्याच्या रुग्णालयाकडे गेला तर ते शुल्काचे रास्त वाटप ठरेल. आणि एका वेळी आठ मुले पाठवूच नयेत. दोन पुरेत. दोन मुले असली की त्यातला एक हिस्ट्री घेतो, दुसरा रक्तदाब बघतो, आणि दुपारपर्यंत ती कामाला हातभारही लावू लागतात.

मुलींच्या सुरक्षिततेचा आक्षेप घरातून येतो आणि तो चुटकीसरशी झटकून टाकणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर देशभरातल्या आई-वडिलांच्या मनात धास्ती बसली. पण ते रुग्णालय महानगरातले, सरकारी, शेकडो खाटांचे होते. १९७३ मध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तोही मुंबईच्या केईएममध्ये. धोका गावाच्या अंतराने वाढत नाही, बंद न होणाऱ्या दाराने, रात्री एकटे पडण्याने, तक्रार कोणाकडे करायची ते ठाऊक नसण्याने वाढतो. म्हणूनच आज जी मुलगी ओळखीतून कुठेतरी जाते, जिच्या राहण्याची जबाबदारी कोणत्याच संस्थेने लेखी घेतलेली नसते, ती जास्त असुरक्षित आहे. संस्थेने पाठवायचे तर कडी लागणारी खोली, दोन मुली एकत्र, रात्री येण्या-जाण्याला वाहन, आणि दोन्ही टोकांना नाव-नंबरासह एकेक जबाबदार शिक्षिका, ही किमान अट असली पाहिजे. हे जमत नसेल त्या ठिकाणाचे नाव यादीतून काढावे, मुलीचे नव्हे. 'मुलींनी इथेच करावे' असा सोपा मार्ग काढला तर अर्ध्याहून अधिक वर्ग बाहेरच्या शिक्षणाला मुकेल.

रुग्णाच्या बाजूनेही एक प्रश्न आहे. श्रीमंत देशांतले विद्यार्थी गरीब देशांत जाऊन आपल्याकडे ज्याला हात लावू देणार नाहीत ते करून पाहतात, ही टीका जगभर झाली आहे. तीच पनवेलहून कातकरी वाडीवर जाणाऱ्या मुलावर लागू होते. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष दुर्बळ आदिम जमातींपैकी एक. तिथली बाई नाही म्हणायला धजावत नाही म्हणून तिची संमती गृहीत धरायची नाही. आपल्या महाविद्यालयात ज्या गोष्टीला देखरेख लागते तिला वाडीवरही लागते. नव्या अभ्यासक्रमात कोणते कौशल्य नुसते माहीत असावे, कोणते करून दाखवावे, कोणते स्वतंत्रपणे करावे याच्या पायऱ्या लिहिलेल्या आहेत. त्याच पायऱ्या बाहेरगावीही पाळायच्या आणि लॉगबुकात कोणाच्या समोर केले ते लिहायचे.

उरतो विद्यार्थ्यांचा स्वतःचा आक्षेप, आणि मला तो सर्वात अवघड वाटतो. पुढे नीट-पीजी आहे, देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या वर गेल्या, पदव्युत्तर जागा त्या मानाने थोड्या. इलेक्टिव्हचा पंधरवडा म्हणजे प्रश्नसंच सोडवायचा पंधरवडा, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. जी गोष्ट प्रवेशपरीक्षेत मोजली जात नाही तिच्यावर वेळ घालवायला त्याला सांगायचे कोणत्या तोंडाने? याला उपदेशाचा उपयोग नाही. दोन गोष्टी करता येतील. पहिली, इलेक्टिव्हच्या महिन्याला लागून कोणतीही अंतर्गत परीक्षा ठेवू नये, आणि लॉगबुक पन्नास पानांचे न ठेवता पाच केसचे ठेवावे, ज्या मुलाने खरोखर पाहिल्या आहेत. दुसरी, निवड वर्षाच्या सुरुवातीलाच कळवावी. तसे करणे इष्ट आहे असे २०१९ च्या नियमातच म्हटले आहे, फक्त ते सक्तीचे केलेले नाही. सुरुवातीलाच कळले की माणगावला जाणारा मुलगा अभ्यासाचे वेळापत्रक त्याप्रमाणे लावतो. आदल्या आठवड्यात कळले तर तो जाण्याचे टाळतो. यादी उघड्यावर लावली, जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या आणि तिथे राहण्या-जेवणाचा खर्च महाविद्यालयाने उचलला, तर कर्जतच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि परळच्या डॉक्टरांचा भाचा एकाच रांगेत उभे राहतील. तो खर्च पंधरा दिवसांचा मेस आणि एसटीचे भाडे एवढाच असेल, आणि अंदाजपत्रकात त्याला आजच जागा करता येण्यासारखी आहे.